तिचं जाणं आणि माझं राहणं

थोरलीने तो एक शब्द ऐकला आणि केकच्या साच्याला लोणी लावता लावता तिचा हात थांबला.

“अगं, असं नाही. इकडून धर,” वरच्या खोलीत भिंगरी कुणाला तरी सांगत होती आणि हसत होती. जिन्याचं दार उघडं होतं, त्यामुळे वरचा आवाज सरळ खाली बेकरीत येत होता. वर भिंगरीबरोबर धाकटीशिवाय कोणी नव्हतं. म्हणजे हे ‘अगं’ धाकटीला होतं.

वर्षापूर्वी धाकटी बहीण परत आली, तेव्हा भिंगरी तिला ‘तुम्ही’ म्हणायची. तुम्ही बसा, तुम्हाला चहा हवा का, तुमची चादर धुतली आहे. परक्या पाहुणीशी बोलावं तसं. ते ‘तुम्ही’ थोरलीच्या कानाला फार गोड लागायचं. मग मधले काही महिने भिंगरी काहीच न म्हणता बोलायला लागली, ‘चहा झालाय’, ‘दार लावायचं राहिलंय’ असं, अंग चोरून. आणि आज, भिंगरीचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना, थेट ‘अगं’.

“आयत्या बिळावर नागोबा,” थोरली साच्याला म्हणाली.

“कोण गं?” काउंटरवरून वहिनीने विचारलं. भाऊची बायको गिऱ्हाईक करता करता घरभरचं ऐकायची. तिचे कान भट्टीच्या धुराड्यासारखे होते, घरातलं सगळं त्यातून बाहेर पडायचं.

“कोणी नाही.”

“कोणी नाही कसं? मला डोळे आहेत, वन्सं. पोर वाढवायची तुम्ही, तापात उशाशी बसायचं तुम्ही, आणि आता नवरीच्या व्हेलला टाचण्या लावायला ती! कानामागून आली आणि तिखट झाली.”

थोरलीला बरं वाटलं. आपल्या पोटातलं दुखणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणसाला तेवढाच आराम पडतो.

भिंगरी धाकटीची मुलगी. ती चालायलाही शिकली नव्हती तेव्हा धाकटी तिला टाकून गेली. दारू होती, एक ट्रकवाला होता, नंतर म्हणे तोही नव्हता. त्या दिवसापासून भिंगरी थोरलीला ‘माई’ म्हणत वाढली. पहाटे कणीक मळताना थोरली तिला पाठीशी बांधायची. मधे एका घड्याळजीचं स्थळ आलं होतं. त्याला थोरली हवी होती, पोर नको होती. थोरलीने त्याला चहा पाजून, एक पाव हातात देऊन वाटेला लावलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. असलं काही त्यागबिग म्हणून तिने केलं नव्हतं. पण केलेलं असतं ते असतंच. आपण विसरलो तरी ते कुठेतरी कोणी बघत असेल, असं तिला वाटायचं.

आणि गेल्या महिन्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी भर उपासनेत, धाकटीला मंडळीत परत घेताना, ती समोर उभी असताना सांगितलं होतं: “देवाने जिला क्षमा केली, तिच्याकडे तो बघतो तेव्हा त्याला तिचं पाप दिसत नाही. त्याला आपला पुत्र ख्रिस्त दिसतो. जणू तिने कधी काही केलंच नाही.” लोकांनी डोळे पुसले. थोरलीचे कोरडेच राहिले. ‘काही केलंच नाही’ या शब्दांशी ती अडखळली होती आणि अजून तिथेच होती.

*

दुपारी जेवताना बाबांनी विषय काढला. हिवाळ्यापासून त्यांचे पाय गेले होते. पण चाकाच्या खुर्चीतूनही ते टेबलाच्या डोक्याशीच बसत आणि भट्टीचा जाळ कमी आहे हे वासावरून सांगत.

“लग्नात पाळक विचारतील, हिला कोण देतं म्हणून,” बाबा म्हणाले. “मला उभं राहता येत नाही. खुर्चीत बसून नात द्यायची नाही मला.”

भाऊ पटकन म्हणाला, “मग थोरली आहेच की. त्यात विचारायचं काय?”

थोरलीने मान खाली घातली. काही वेळा माणूस आनंद लपवायला मान खाली घालतो.

“धाकटी देईल,” बाबा म्हणाले.

 धाकटीने हातातला चमचा खाली ठेवला. “बाबा, नको. खरंच नको. ताई देईल.”

“तू आई आहेस तिची.”

“बाबा, हे काही बरोबर नाही,” भाऊ म्हणाला. “लोक काय म्हणतील?”

“लोकांनी माफ केलंय तिला. चर्चमध्ये उभं करून परत आपल्यात घेतलंय. मग आपण घरात हात आखडता का घ्यायचा? अर्धी माफी म्हणजे काय असतं, कच्चा पाव? वरून भाजलेला, आत पीठ?”

“बाबा,” थोरली म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. “तिने ही पोर एकदा देऊन टाकलीच आहे. पुन्हा काय देणार?”

वहिनीला हसू फुटलं, ते तिने पाण्याच्या घोटात दाबलं. धाकटी उठली नाही, रडली नाही. नुसती मान हलवली, बरोबर आहे अशी. त्या मान हलवण्याचाच थोरलीला जास्त राग आला. भांडली असती तर बरं झालं असतं. हिचं ते सोसणंसुद्धा लोकांना आवडायचं.

भिंगरी दोघींकडे पाहत होती. “माई, बाबा म्हणतात तर... म्हणजे तुला वाईट वाटणार नसेल तर...”

“मला कशाचं वाईट वाटणार?” थोरली म्हणाली आणि ताटं उचलू लागली. लोकांची अजून जेवणं व्हायची होती.

*

पाळकसाहेब चर्चमध्ये उकिडवे बसून एका बाकाचा डुगडुगता पाय ठोकत होते. तोंडात दोन खिळे होते. थोरली आली तसे त्यांनी ते काढून खिशात टाकले.

“बस, थोरले. या बाकावर नको, पडशील.”

ती बसली नाही. “मला एक विचारायचंय. तुम्ही म्हणालात, देवाला धाकटीचं पाप दिसत नाही.”

“म्हणालो.”

“तिचं जाणं त्याला दिसत नसेल, तर माझं राहणं तरी त्याला दिसतं का?”

पाळकसाहेबांनी हातोडी खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. ते गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले.

“कारण ते एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत,” थोरली पुढे बोलत राहिली. “ती गेली म्हणून मी राहिले. पहिलं पुसलं तर दुसरं कशावर उभं राहणार? माझी सगळी उमर त्या भट्टीसमोर आणि त्या पोरीच्या उशाशी गेली. आणि तो म्हणतो, जणू काही झालंच नाही. झालं, पाळकसाहेब! मी तिथे होते!”

“झालं,” ते म्हणाले. “देव काही विसरभोळा म्हातारा नाही. झालेलं त्याला माहीत आहे. पण त्याने ते ख्रिस्तावर घातलं. ते तिच्यावर धरत नाही तो. तिच्याकडे बघताना आपल्या लेकाकडे बघावं तसं बघतो. तिने कमावलं म्हणून नाही.”

“आणि माझ्याकडे?”

“तसंच.”

“तसंच?” थोरली जवळजवळ ओरडली. “तसंच म्हणजे तिच्याएवढंच?”

“त्याच्यापाशी दोन वजनं नाहीत, पोरी.”

“म्हणजे माझं सगळं पाण्यात.”

“पाण्यात कसं? तू एक मूल वाढवलंस. ते मूल समोर आहे. पण त्याच्या बदल्यात देव तुला धाकटीपेक्षा जास्त आपली म्हणेल असं वाटत असेल, तर तो सौदा त्याने तुझ्याशी केला नव्हता. तू मनातल्या मनात केलास. तू केलंस त्याच्या आधीपासून त्याची आहेस तू. ते तुला कमी वाटतंय, एवढंच.”

थोरलीला ते कमीच वाटलं. आपली किंमत सांगायला यावं आणि ऐकावं की तुला फुकट घेतलंय! ती चर्चमधून बाहेर पडली तेव्हा मागे हातोडीचा आवाज पुन्हा सुरू झाला होता. या माणसाला झोप लागत असेल का, असं तिला उगाच वाटलं. बहुतेक छान लागत असेल.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी नवऱ्या मुलाकडची मंडळी चहाला आली. मुलगा वायरमन होता, शांत आणि उंच. दारातून आत येताना त्याने सवयीने आधी दिव्याच्या बटणाकडे पाहिलं. त्याची आई मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका. सगळा रस्ता तिला हेडबाई म्हणायचा. ती खुर्चीत बसली की खोलीतली इतर माणसं आपोआप ताठ बसायची.

चहा झाला. चर्चमध्ये बाकांवर कोण कुठे बसणार ते ठरलं. बाबांनी अभिमानाने सांगितलं की मुलीला तिची आई देणार आहे.

“छान,” हेडबाई म्हणाल्या आणि धाकटीकडे वळल्या. “तुमची माझी नीट ओळखच झाली नाही. इतकी वर्षं बाहेरगावी होतात ना? कामाला?”

धाकटीने तोंड उघडलं. पण लग्न जमलं तेव्हा भाऊनेच एक गोष्ट सांगून ठेवली होती, आणि तो आता मधे पडला. “हो, हो. दवाखान्यात होती ती.”

“नर्स?”

“तसंच काहीसं...”

थोरली किटली घेऊन उभी होती. किटली खाली ठेवून आत निघून जाता आलं असतं. नंतर ती कितीदा तरी स्वतःला तेच सांगणार होती. पण समोर भिंगरी धाकटीच्या खुर्चीला चिकटून बसली होती, आणि बोलता बोलता तिने धाकटीच्या खांद्यावरचा दोरा अगदी सहज उचलून टाकला. तेवढा एक दोरा थोरलीला सहन झाला नाही.

“होती ना दवाखान्यात,” ती म्हणाली. “पण कामाला नाही. दारू सोडवायला.”

“थोरले!” बाबा म्हणाले.

“का? देव बघत नाही म्हणून आपणही बघायचं नाही? हेडबाई, तुम्ही सून नेताय, तुम्हाला कळायला हवं. ही पोर मला बेकरीच्या मागच्या दाराशी मैद्याच्या पोत्यांवर सापडली. अंगात ताप होता. रडून रडून आवाज गेला होता तिचा, मांजरासारखी म्याव करत होती. हिची आई ट्रकमध्ये बसून गेली होती. दार वाजवायचीसुद्धा तसदी घेतली नाही. उद्या ती ‘मी देते’ म्हणून ताठ मानेने उभी राहणार आहे, तर आधी कसं दिलं होतं तेही ऐका!”



धाकटी उठून उभी राहिली. ती हेडबाईंकडे सरळ पाहत होती. “खरं आहे. दार वाजवलं नाही, कारण ताईने दार उघडलं असतं तर तिने मला जाऊ दिलं नसतं. मला जायचं होतं. मी हे तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं होतं. भाऊचं ऐकलं, ती माझी चूक.”

थोरली वाट पाहत होती भिंगरीने धाकटीकडे पाहण्याची. आता बघ. आता ओळख. पण भिंगरी थोरलीकडे पाहत होती. तिचा चेहरा कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता.

“तू तर सांगायचीस,” ती हळूच म्हणाली, “ती आजारी होती म्हणून. जाताना तिने मला तुझ्या हातात दिलं म्हणून. ‘जप हिला’ म्हणाली म्हणून.”

 हो, सांगायची. भिंगरी चार वर्षांची असल्यापासून रोज झोपताना सांगायची. पोत्यांचं तिने कधीच सांगितलं नव्हतं.

हेडबाई उठल्या. “आम्ही निघतो. मला विचार करू दे.” वायरमन भिंगरीकडे पाहत एक क्षण घुटमळला आणि मग आईच्या मागे गेला.

दार लागलं तशी वहिनी म्हणाली, “वन्सं, अहो असं चारचौघांत? मी आपलं घरातल्या घरात बोलले होते हो!” भाऊ आपलं खोटं विसरून थोरलीवरच ओरडला. बाबांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. थोरली भिंगरीजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवायला.

“तुम्ही जरा थांबाल का,” भिंगरी म्हणाली. “मला हात नका लावू.”

*

थोरली खाली बेकरीत गेली. तिला दुसरं जायला ठिकाण नव्हतं. संध्याकाळच्या पावांची कणीक फुगून टोपाबाहेर आली होती. ती ठोसे मारून बसवायला लागली. थोड्या वेळाने जिना वाजला. पावलांवरून तिने ओळखलं आणि मागे पाहिलं नाही.

धाकटी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, हात धुतले आणि न बोलता गोळे करायला लागली. लहानपणी दोघी अशाच उभ्या राहायच्या. धाकटीचे गोळे तेव्हाही वाकडे व्हायचे.

“मला माफ केलंयस, हे सांगायला आली असशील तर जा,” थोरली म्हणाली. “तेवढंच राहिलंय. माफही तूच करणार. सगळं चांगलं तुझ्याच वाट्याला.”

“मी चिडलेय तुझ्यावर,” धाकटी म्हणाली. “पोरीचं लग्न मोडलं तर मी तुला काय करेन मला माहीत नाही.”

ते ऐकून थोरलीला जरा हायसं वाटलं. तिने एक वाकडा गोळा उचलून पुन्हा नीट वळला.

“ताई, तू मला पाण्यात पाहतेस ना, त्याचं मला हसू येतं कधीकधी.”

“हसू?”

“मागच्या महिन्यात भिंगरीला ताप आला होता. रात्रभर मीच बसले होते, तू भट्टीवर होतीस. ग्लानीत तिने किती हाका मारल्या असतील! माई, माई, माई. एकदा तरी चुकून आई म्हणेल म्हणून मी कान लावून बसले होते.” धाकटी गोळा हातात तसाच धरून होती. “पाळकसाहेब सांगतात, देव माझ्याकडे बघतो तेव्हा त्याला ख्रिस्त दिसतो. मी विश्वास ठेवते. ठेवला नाही तर मी उद्या उठणार नाही. पण मला आरशात मीच दिसते गं. त्याने माझं पाप घेतलं, पण ती वर्षं परत दिली नाहीत. तिचा पहिला दात, पहिलं पाऊल, सगळं तुझ्याकडे आहे. मी मागूही शकत नाही. माझ्या हेव्यापुढे तुझा हेवा म्हणजे किस झाड की पत्ती!”

 हिला आपला हेवा वाटतो, हे थोरलीच्या कधी मनातच आलं नव्हतं. वाटणी आपल्यावर अन्याय करून झाली असं ती समजत होती, आणि समोरची तिच्याच वाट्याकडे डोळे लावून बसली होती.

“पहिला दात खालचा,” ती म्हणाली. “माझ्या बोटाला चावली होती. रक्त आलं होतं.”

धाकटी हसली आणि मग तिला रडू आलं. थोरलीने तिला जवळबिवळ घेतलं नाही. तेवढं तिच्याच्याने झालं नाही. तिने फक्त ट्रे तिच्याकडे सरकवला.

*

सकाळी शाळा भरल्यावर थोरली हेडबाईंच्या खोलीत गेली. बाहेर मुली ओरडून पाढे म्हणत होत्या. हेडबाईंनी तिला बसायला सांगितलं आणि दार लावलं.

“मी माफी मागायला आले,” थोरली म्हणाली. “खोटं नाही बोलले. पण ज्यासाठी बोलले ते वाईट होतं.”

“कशासाठी बोललात?”

“हेव्याने.”

हेडबाईंनी चष्मा काढला. “माझा भाऊ दारूने गेला. तुमच्या बहिणीची मला भीती वाटली नाही, उलट ती परत आली याचं नवल वाटलं. मला भीती वाटली तुमची. तुम्ही सांगत होतात तेव्हा तुमचे डोळे मी पाहिले. आणि मनात आलं, ही मुलगी यांनी वाढवली आहे. उद्या माझ्या घरात कोणाची चूक झाली तर ती वर्षानुवर्षं जपून ठेवेल आणि एक दिवस पाहुण्यांसमोर अशीच काढेल का?”

इतकी वर्षं ‘यांनी वाढवली आहे’ हे शब्द थोरलीला कोणाच्या तरी तोंडून ऐकायचे होते. ते असे ऐकायला मिळतील असं वाटलं नव्हतं.

“नाही काढणार,” ती म्हणाली.  “ती माझ्यावर गेली नाही. लहानपणी तिचं खेळणं कोणी मोडलं तर तीच त्या पोराची समजूत काढायची. मला राग यायचा. मी म्हणायचे, अगं जरा रुसायला शीक! तिला ते जमलंच नाही. तुम्ही काल जे पाहिलंत ते माझं एकटीचं आहे, ते मी हुंड्यात देत नाहीये. तिला नाकारू नका. हवं तर मी लग्नाला येत नाही.”

“तुम्ही नाही आलात तर मुलगी उभी तरी राहील का?” हेडबाई म्हणाल्या. मग चष्मा घालून पुन्हा कडक झाल्या. “मुलाने काल घरी गेल्या गेल्याच सांगितलंय, लग्न करीन तर हिच्याशीच. मी फक्त माझा विचार करत होते. झाला माझा विचार. आणि तुमच्या भावाला सांगा, परत मला असली नर्स सांगू नका.”

*

भिंगरी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी थोरली केकवर साखरेचा थर देत होती, तेव्हा ती येऊन पोत्यांच्या थप्पीवर बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं आपण कशावर बसलोय ते, आणि ती तशीच बसून राहिली.

“इथेच का?”

“तिकडे. दाराजवळ.”

“माई, एवढी वर्षं तू तिचं झाकलंस. माझ्यासाठी. आणि ती समोर आली तेव्हा उघडलंस. असं का केलंस?”

थोरली सुरीने साखर सारखी करत राहिली. “झाकलं तेव्हा ती इथे नव्हती. नसलेल्या माणसाला माफ करणं सोपं असतं, भिंगरे. त्याचे लाड होताना बघावे लागत नाहीत.”

भिंगरीने बोटाने कडेची साखर उचलली आणि चाटली. “मी अजून रागावलेली आहे.”

“असू दे.”

“पण केसांचं तूच करायचंस. तिला जमत नाही.”

“तिला गोळेसुद्धा वळता येत नाहीत,” थोरली म्हणाली. हे बोलताना झालेला आनंद काही फारसा पवित्र नव्हता.

लग्नाच्या सकाळी धाकटीने तिला जिन्यावर गाठलं. “ताई, बाबांना मी समजावलंय. तू दे तिला.”

हवं होतं ते हातात आलं होतं. एका ‘बरं’चं काम होतं. थोरलीने जिन्याचा कठडा धरला. “नको. तू दे. त्या वेळी दार न वाजवता दिलीस, आता सगळ्यांसमोर दे. मी मागे बसून ऐकते.” आणि धाकटीला काही बोलता येण्याआधी ती बाबांची खुर्ची काढायला गेली.

चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, या मुलीला लग्नासाठी कोण देतं? धाकटी म्हणाली, “मी. तिची आई.” आवाज मोठा नव्हता, पण स्पष्ट होता. दुसऱ्या बाकावर थोरलीच्या छातीत ते कळ यावी तसं आलं. तिला वाटलं होतं एवढं सगळं झाल्यावर येणार नाही. आलंच. ती तशीच बसून राहिली आणि तिने पहिल्यांदाच देवाला ते जसंच्या तसं सांगितलं: मला हेवा वाटतोय. अजून वाटतोय. माझ्याकडे दाखवायला आज दुसरं काही नाही.

लग्नविधीतच प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असावं हा भिंगरीचा हट्ट होता. नवरानवरीमागून घरची माणसं पुढे गेली. गर्दीत थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी आल्या आणि वेदीच्या कठड्याशी गुडघे टेकून बसल्या. धाकटीचा खांदा तिच्या खांद्याला लागला. थोरलीने आपला खांदा सरकवला नाही, टेकू दिला.

पाळकसाहेब आले. धाकटीच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवून म्हणाले, “तुझ्यासाठी मोडलेलं ख्रिस्ताचं शरीर.” मग थोरलीच्या हातावर ठेवून तेच म्हणाले, त्याच आवाजात, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. जन्म पाव तोलण्यात गेलेल्या थोरलीने सवयीने धाकटीच्या आणि आपल्या हाताकडे पाहिलं. तुकडे सारखेच होते.

तिने डोळे मिटले आणि तो खाल्ला.